शिडीच्या पाठीमागची जागा

रविवार, १६ नोव्हेंबर.
सकाळी थंडी. सहाला उठले. काडी स्कूटरवरून घ्यायला आली, दोघी तळ्यावर गेलो. काडी आणि शिडी यांची एकेरी होडीची शर्यत, पंपघरापासून क्लबच्या धक्क्यापर्यंत. निकाल खाली लिहिते. धक्क्यावर माझा डावा मोजा भिजला. दुपारी झोप नाही. गुडघा बरा आहे.

एरवी एवढ्या नोंदीत माझा दिवस मावतो. आज मावणार नाही. चाळिशीकडे झुकलेल्या दोन बायका थंडीत एकमेकींशी जिवावर उदार होऊन वल्ही का मारत होत्या, हे काडीची सगळी कारकीर्द सांगितल्याशिवाय कुणाला कळायचे नाही.

काडी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची लेक. बहिणीचे घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बसच्या डेपोमागे. मेव्हणे बस चालवत. आमच्या घरापासून तळे चालत जाण्यासारखे. म्हणून कॉलेजात गेल्यापासून ती आमच्या मागच्या खोलीत राहिली, ती लग्न होईपर्यंत. उंच आणि किडकिडीत. काडी हे नाव आमच्या ह्यांनी ठेवले. पुढे क्लबातही तेच चालू झाले आणि खरे नाव फक्त पासपोर्टवर उरले.

रोइंगमध्ये राज्य धिप्पाड माणसांचे. सडपातळ लोकांनाही संधी मिळावी म्हणून हलक्या वजनाचा निराळा गट असतो. काडी त्या गटातली. पहिली काही वर्षे ती एकटीची होडी चालवायची. देशात पहिली आली, परदेशी गेली की सहावी-सातवी यायची. मग क्लबातल्या एका नर्सबरोबर दोघींची होडी, म्हणजे डबल, चालवू लागली. त्या होडीत काडी पुढे बसायची.

पुढे म्हणजे काय, ते सांगते, कारण सगळे रामायण त्या जागेवरून आहे. वल्हवणारे होडी जाते तिकडे पाठ करून बसतात. दोघींतली एक आधी आणि दुसरी तिच्या पाठीमागे. आधीचीने ताल धरायचा. ती ओढेल तेव्हा मागचीने ओढायचे, ती थांबेल तेव्हा थांबायचे. ह्या पहिल्या जागेला ते स्ट्रोक म्हणतात. मागचीने ताल पाळायचा आणि मान वळवून होडी सरळ ठेवायची. समोर तिला दिसते फक्त पुढचीची पाठ.

नर्सला परदेशी नोकरी लागली आणि ती गेली. तिच्या जागी दुसऱ्या क्लबातून एक मुलगी आली. काडीहून चार बोटे उंच, लांब हात, रुंद खांदे, हसली की धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल. पोरांनी लगेच जोडी लावली : काडी आणि शिडी.

कोच सरांनी आठवडाभर दोघींना आलटून पालटून बसवून पाहिले आणि शिडीला पुढे बसवले.

"कानामागून आली नि तिखट झाली," काडी त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली. "मी इथे दहा वर्षं हाताला घट्टे पाडून घेतले, आणि ही आयत्या बिळावर नागोबा."

"सर काय म्हणाले?"

"म्हणे तिचे हात लांब आहेत, ताल संथ आहे. आणि माझी समजूत काढायला म्हणतात, अगं, शेवटची रेषा तर आधी तूच ओलांडणार की! तुझ्याकडचं टोक पहिलं जातं."

"मग खरंच आहे ते."

"हो, खरंच आहे. पाठमोरी ओलांडणार."

इथवर गोष्ट रुसव्याची होती. तिचे विष झाले ते वजनकाट्यामुळे.

बायकांच्या हलक्या डबलला नियम असा, की एकीचेही वजन एकोणसाठ किलोच्या वर नको आणि दोघींची सरासरी सत्तावन्नच्या वर नको. शर्यतीच्या सकाळी दोघींना काट्यावर उभे करतात. शिडीची हाडेच जड. ती कितीही उतरली तरी एकोणसाठवर येऊन थांबायची. मग सरासरी जमण्यासाठी काडीने पंचावन्न व्हायचे. काडीचे स्वतःचे, खाऊनपिऊन असलेले वजन सत्तावन्न. म्हणजे ती एकटी असती तर तिला काहीच करावे लागले नसते. जी दोन किलो ती उतरवायची, ती तिची नव्हतीच, शिडीची होती.

आमचे हे तेव्हा होते. त्यांना हा नियम समजावून सांगितला तेव्हा म्हणाले, "म्हणजे एकीने जेवायचं आणि दुसरीने हात धुवायचे."

शर्यतीच्या मोसमात काडी आमच्या टेबलाशी बसायची ती काकडी, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग आणि वाटीच्या तळाशी दिसेल-न दिसेल इतका भात घेऊन. मी कांदा परतला की उठून मागच्या खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. न्हाणीघरात तिचा काटा होता. तो फरशीवर एका ठरावीक ठिकाणी ठेवायचा, इकडेतिकडे सरकला की माझ्यावर खेकसायची.

आणि शिडी यायची. सरावानंतर हमखास यायची, कारण तिची खोली भाड्याची आणि तिथे गॅस नव्हता. "मावशी, अजून भात आहे?" असे विचारायला तिला कधी संकोच वाटला नाही. उकडलेले बटाटे मीठ लावून ती सफरचंदासारखे खायची. खाताना बोलायची, बोलताना हसायची. काडी समोर बसून काकडीचा एकेक काप चघळत तिच्या ताटाकडे बघत राहायची. एकदा ह्यांनी मला हळूच सांगितले, "ही पोर स्वतःच्या ताटातलं मोजते त्याच्या दुप्पट तिच्या ताटातलं मोजते."

ते खरेच होते. शिडीने किती बटाटे खाल्ले, हे शिडीला माहीत नसे, काडीला असे.

"थोडं कमी खाऊन बघ ना," एकदा काडी तिला म्हणाली. अगदी गोड आवाजात.

शिडी चावता चावता थांबली. "खाल्लं नाही तर ओढू कशी गं? सर म्हणतात, होडीचं इंजिन मी आहे."

काडीच्या अंगाचा तिळपापड झाला. शिडी गेल्यावर मला म्हणाली, "इंजिन! आणि मी कोण? डिझेल?"

सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे, ह्या जोडीला यश आले. खंडातल्या देशांच्या स्पर्धेत एकदा तिसऱ्या, एकदा दुसऱ्या आल्या. पेपरात फोटो आले. फोटो काढणारे शर्यतीच्या मागून मोटरबोटीत येतात, म्हणजे वल्हवणाऱ्यांच्या तोंडासमोरून. त्यामुळे प्रत्येक फोटोत शिडीचा चेहरा आणि तिच्या खांद्यामागून डोकावणारा काडीचा एक कान. बहिणीने ते फोटो फ्रेम करून घरात लावले. पाहुणे विचारत, "ह्यात तुमची लेक कुठली?" आणि बहीण कानावर बोट ठेवी.

क्लबाने सत्कार केला तेव्हा अध्यक्षांनी शिडीबद्दल पंधरा मिनिटे बोलून शेवटी "आणि तिला मोलाची साथ देणारी" असे म्हणून काडीकडे हात केला. काडीने हसून नमस्कार केला. घरी येऊन तो गुच्छ तिने बादलीत टाकला, पाणी न घालता.

एखाद्याला पाण्यात पाहतात म्हणजे काय, ते मी तिच्याकडे बघून शिकले. सात वर्षे तिने रोज पहाटे तीच एक पाठ पाहिली. घामाचा डाग कुठून सुरू होतो, डाव्या खांद्यावरचा तीळ, वेणी कुठल्या बाजूला पडते. मला एकदा म्हणाली, "तिचा चेहरा मी विसरीन, पाठ विसरायची नाही."

मग बातमी आली, की जगातल्या सर्वांत मोठ्या क्रीडास्पर्धेतून हलक्या वजनाचा गट काढून टाकणार. एकच संधी उरली. पात्रतेची शेवटची शर्यत परदेशात होती. पहिल्या दोन होड्या जाणार, बाकीच्या कायमच्या घरी. दोघींची तिशी उलटलेली. ह्यानंतर काही नव्हते.

त्याआधीच्या महिन्यात काडीला सरावशिबिराच्या न्हाणीघरात चक्कर आली होती. शिडीनेच तिला उचलून बाहेर आणले. तेही काडीला आवडले नाही. "उचलून आणलं म्हणजे काय, मिरवत आणलं. सगळ्या टीमसमोर."

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी काडीने एक ठरवले. हे तिने मला खूप नंतर सांगितले. हॉटेलच्या जेवणघरात सगळे उठून गेल्यावर ती परत गेली आणि पोटभर जेवली. पाव, चीज, पास्ता, वर दोन ग्लास पाणी. "एकदा तिलाही पळू दे की," म्हणाली. सकाळी काट्यावर सरासरी जास्त भरली, की वेळ संपण्याआधी पुन्हा वजन करता येते. तोपर्यंत जाड जाकिट घालून पळायचे, घाम काढायचा. इतकी वर्षे ते पळणे काडीच्या वाट्याला आले होते. आपण छप्पन्न भरलो, ती नेहमीची एकोणसाठ. महिन्यापूर्वी चक्कर आलेल्या आपल्याला सर पळवणार नाहीत, मग पळेल ती. होडी मात्र बुडवायची नव्हती तिला. ठरलेल्या वेळात शिडी तेवढे उतरवील, याची तिला खात्री होती. फक्त तिने एकदा घामाघूम व्हावे, एवढेच.

सकाळी काडी काट्यावर चढली. छप्पन्न.

शिडी चढली. अठ्ठावन्न.

काट्याजवळच्या माणसाने सरासरी लिहिली, सत्तावन्न, आणि पुढच्या जोडीला हाक मारली.

शिडीने तीन आठवडे कुणाला न सांगता खाणे तोडले होते. काडीची बरगडी दिसते, हे तिला चक्कर आली त्या दिवशी दिसले होते. म्हणून एक किलो आपण घ्यावे, असे तिने मनाशी ठरवले. काडीला सांगितले असते तर काडी भांडली असती, म्हणून सांगितले नाही.

"दुसरं कुणी असतं तर गळ्यात पडलं असतं तिच्या," काडी मला म्हणाली. "मला काय वाटलं सांगू? उपाशी राहणं एवढं एकच माझं होतं त्या होडीत. तेही हिने घेतलं. त्यातही हीच पुढे."

धक्क्यावर होडी पाण्यात सोडताना शिडीचा चेहरा पांढरा पडला होता. तिला उपासाची सवय नव्हती. काडीला इतक्या वर्षांत सवय झाली होती, शिवाय आज पोटात अन्न होते. शिडीने वल्ही अडकवली आणि म्हणाली, "ऐक. आज माझ्यात जोर नाही. तू पुढे बस. वेळ आहे अजून, पाय टेकवायच्या पायपट्ट्या सरकवून घेऊ. सरांना मी सांगते."

ती जागा. जिच्यासाठी काडी सात वर्षे जळत होती, ती समोर रिकामी होती आणि शिडी तिला बस म्हणत होती.

काडी म्हणाली, "तुझं उष्टं मला नको."

"अगं, वेडी आहेस का? आज कोण कुठे बसलं ते महत्त्वाचं आहे का?"

"मग बस ना तूच."

शिडी पुढे बसली.

ती शर्यत मी आणि बहिणीने आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून पाहिली. अर्ध्यापर्यंत त्यांची होडी दुसरी होती. मग शिडीचा ताल जड होत गेला. वरून दाखवताना अगदी स्पष्ट दिसत होते; तिची वल्ही पाण्यातून उशिरा निघू लागली. मागचीला त्यात काही करता येत नाही. पुढची संथ झाली आणि मागचीने घाई केली तर वल्ही एकमेकांवर आपटतात. काडी त्या पाठीमागे तिच्या तालावर बसून राहिली. तिसऱ्या आल्या. होडीच्या नाकावर रबरी चेंडू असतो, तेवढ्याने.

परत आल्यावर काडी आमच्या मागच्या खोलीत दोन दिवस पडून होती. आमचे हे तोवर गेले होते. मी चहा घेऊन गेले, तर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मावशी, रेषा ओलांडल्यावर बाकीच्या सगळ्या होडीत आडव्या पडल्या होत्या. शिडी तर वल्ह्यावर डोकं ठेवून हुंदके देत होती. माझा श्वास मात्र शिल्लक होता गं."

मग सगळे संपले. काडीने रोइंग सोडले, लग्न केले, आणि आता चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. हात अगदी स्थिर आहे तिचा. शिडी आमच्याच क्लबात लहान मुलींची कोच झाली. काडीचे दुकान आणि क्लब एकाच रस्त्यावर. पण क्लबासमोरून जावे लागू नये म्हणून काडी वळसा घालून स्कूटर नेते. शिडीच्या मुली कुठे जिंकल्या, कुठे हरल्या, हे मात्र तिला सगळे ठाऊक असते. हरल्याची बातमी ती मला सांगायला येते. जिंकल्याची मला पेपरात वाचावी लागते.

गेल्या रविवारी ती माझ्याकडे बसली होती तेव्हा फोन वाजला. क्लबच्या वर्धापनदिनाला जुन्या खेळाडूंची डबलची शर्यत आहे. शिडी विचारत होती, चालवायची का पुन्हा आपली जोडी? वजनाचा काटा नाही काही नाही. काडीने फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजावर टाकला, बहुधा मला साक्षीदार करायला.

"पुढे कोण बसणार?" काडीने विचारले.

"मागे विचारलं तेव्हा उष्टं नको म्हणालीस."

"आता मागतेय. मला पुढे बसायचंय."

मला वाटले, शिडी आता हसून म्हणेल, बस बाई एकदाची. ती तशीच आहे.

"नाही देत," शिडी म्हणाली.

काडी चमकली. "काय?"

"नाही देत म्हटलं. दिली होती तेव्हा फेकलीस, आणि माझी सगळी आशा तिच्याबरोबर गेली. तुझी एकटीचीच होती का ती शर्यत? आता फुकट मिळायची नाही. रविवारी सकाळी सिंगल काढ. पंपघर ते धक्का. जी पहिली येईल ती पुढे बसेल."

"तू रोज पाण्यावर असतेस! मी चार वर्षं वल्ह्याला हात लावलेला नाही."

"आणि मी आता बहात्तर किलो आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. रडायचं असेल तर येऊ नकोस."

फोन बंद झाला. मी काडीकडे पाहिले. तिचे कान लाल झाले होते आणि डोळे चमकत होते. "बघितलंस, मावशी? बघितलास माज?" एवढे म्हणून ती उठली आणि म्हणाली, "भात उरलाय का?" उभ्याउभ्याच भांड्यातून खाल्ला.

तर आज सकाळी. कोच सर आले होते, कानटोपी घालून, गळ्यात शिट्टी. आता ते निवृत्त आहेत, पण शिट्टी सोडलेली नाही. त्यांनी मोटरबोटीतून दोघींना पंपघराशी नेऊन ओळीत उभे केले. मी धक्क्यावर. तिथून फक्त दोन ठिपके दिसत होते, मग त्यांच्या पाठी दिसू लागल्या. शिडीची रुंद, काडीची अरुंद. मध्यापर्यंत शिडी चांगली होडीभर पुढे होती. आणि एकटीच्या होडीत दुसऱ्याचा ताल पाळावा लागत नाही. काडीने ताल वाढवला. वळणाच्या खुणेनंतर पुन्हा वाढवला. इतकी वर्षे कोंडलेला तो श्वास कुठे ठेवला होता कोण जाणे. तिचे ओढणे सुंदर मुळीच नव्हते, पाणी उडत होते, एकदा तर वल्हे अडकून होडी कलली. पण धक्क्यापाशी आली तेव्हा ती हातभर पुढे होती. सरांनी शिट्टी फुंकली.

काडी वल्ही सोडून शिडीकडे वळली. मला वाटले आनंद होईल. ती धापा टाकत ओरडली, "मुद्दाम हरलीस! हातचं राखलंस तू! पुन्हा उपकार? पुन्हा?"

शिडीला उत्तर द्यायचे होते. तिने हात वर केला, तोंड उघडले, आणि होडीतून बाहेर वाकून तळ्यात ओकली. एकदा नाही, तीनदा. होडी उलटायच्या बेतात आली. सर मोटरबोट घेऊन धावले. शिडीचा चेहरा राखेसारखा झाला होता. हातचा राखायलाही तिच्यात श्वास उरला नव्हता.

काडी ते सगळे टक लावून बघत होती. मग हळूहळू तिचा चेहरा सैल झाला. पदके घेतानाचे तिचे सगळे फोटो मी पाहिले आहेत. त्यातल्या एकातही हे समाधान नाही.

"खरंच ओढलंस की गं," ती म्हणाली.

"मर तू," शिडी म्हणाली. आणि तोंड पुसून, "चार बटाटे खाल्ले होते सकाळी. गेले वाया."

"सहा खाल्ले असशील."

अर्ध्या तासाने त्यांनी डबल पाण्यात उतरवली. पायपट्ट्या सरकवायला वेळ लागला, कारण शिडीला मागे बसायची सवय नाही आणि तिचे गुडघे कुठे मावेनात. काडी पुढे बसली. सर मला म्हणाले, "ताल घाईचा आहे हिचा. तेव्हाही होता. म्हणून नव्हती बसवली." मी म्हटले, हे तिला सांगू नका.

होडी धक्क्यापासून निघाली आणि पाण्यावरून दोघींचे बोलणे येत राहिले.

"हळू गं, काडे. आग लागलीय का?"

"ताल मी धरलाय. तू पाळ."

"पाठ केवढीशी गं तुझी! सगळं तळं दिसतंय मला."

"बोलू नकोस मागून."

"सात वर्षं तू इथे मागे बसून काय करत होतीस?"

काडीने वेग आणखी वाढवला.

संध्याकाळची नोंद : स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी एका कोपऱ्यात सुटली आहे. सुताराला निरोप दिला, उद्या दुपारी येतो म्हणाला.